तहांच्या किनाऱ्यावरचे परकारचाचा

दोन माणसं भांडताना दिसली की परकारचाचा निवांत असत. खुर्ची जरा मागे सरकवून, चहाचा पेला हातात धरून ते भांडण शेवटपर्यंत ऐकत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जेवण झाल्यासारखं समाधान दिसे. पण तीच दोन माणसं दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून समोरून गेली की चाचांच्या कपाळावर आठ्या पडत. ते उठून दुकानाच्या दारात येत आणि दोघांतल्या एकाला बाजूला घेऊन हळूच विचारत, "बदल्यात काय दिलं?"

"कशाच्या बदल्यात, चाचा?"

"समेट झाला ना? मग कायतरी दिलं असणार. आठव. नाय आठवत? मग तुला न सांगता दिलंय. ते जास्त वाईट."

तो बिचारा हसत निघून जाई आणि चाळीस पावलांवर जाऊन विचारात पडलेला दिसे. अशी चाचांनी दुबईतल्या किती जणांची दोस्ती पुन्हा मोडली असेल, ते त्यांनाच ठाऊक.

ही गोष्ट साठ सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. आज ज्याला अमिरात म्हणतात ती तेव्हा जन्मायची होती. दुबई, शारजा, फुजैरा ही वेगवेगळ्या शेखांची गावं होती आणि सगळ्यांच्या वर इंग्रज. इंग्रजांनी इथल्या शेखांशी मागे तह केले होते, म्हणून त्यांच्या कागदांत या मुलखाचं नावच मुळी तहांचा किनारा असं होतं. नोकरीसाठी बाणकोटहून निघालेला माणूस नेमका याच किनाऱ्यावर उतरावा, हा योगायोग आहे असं चाचांना कधीच वाटलं नाही. "मला इथे कोणीतरी बघायला पाठवलंय," असं ते म्हणत. कोणी, ते सांगत नसत.

मी दुबईच्या देरा भागात इब्राहिमशेठच्या पेढीवर टायपिस्ट होतो. इब्राहिमशेठ रत्नागिरीकडचे, तांदूळ, कापड, दोरखंड, मिळेल ते आणत आणि विकत. परकारचाचा तिथले जुने कारकून. पन्नाशी उलटलेली, अंगाने बारीक, डोक्यावर पांढरी टोपी, आणि चष्म्याच्या वरून बघायची सवय. घरी कोण असतं असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तर म्हणाले, "कोणी सांगितलं तुला विचारायला?"

आमची राहायची खोली एकच होती, पेढीच्या माडीवर. मी गुहागरचा पेंडसे, शाकाहारी. चाचांचा जीव सुक्या बोंबलात. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी फुलस्केप कागद काढला आणि आमच्या दोघांत अकरा कलमांचा तहनामा झाला. फळीचा वरचा कप्पा माझ्या लोणच्याचा, खालचा त्यांचा. खिडकी ज्या बाजूने वारा येईल त्या बाजूच्या माणसाने उघडायची. गच्चीचे दोन कोपरे बोंबील वाळवण्यासाठी कायमचे त्यांच्याकडे. मी म्हटलं, "चाचा, अख्खी गच्ची घ्या ना." तर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अख्खी का देतोस? बदल्यात काय पाहिजे?"

या सगळ्याचं मूळ एका पुस्तकात होतं. शारजाच्या विमानतळावरचे इंग्रज मायदेशी जाताना जुनं सामान टाकून देत, त्यात चाचांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. अठराव्या शतकात युरोपच्या राजांनी आपसांत कोणते तह केले आणि त्यात कोणाचा कोणता मुलूख कोणाकडे गेला, एवढंच त्यात होतं. पुठ्ठा नव्हता आणि सुरुवातीची चाळीसेक पानंही नव्हती. लढाया बहुतेक त्या पानांत होत्या. त्यामुळे हे लोक मुळात भांडले कशावरून, ते चाचांना कधीच कळलं नाही. त्यांच्या हिशेबी जगाची सुरुवात समेटापासून झाली होती, आणि जगात जे काही वाईट झालं ते समेटामुळेच झालं होतं.

"हे बघ, पेंडशा," ते पानावर बोट आपटून सांगत. "इंग्रज आणि फ्रेंच. इकडे फ्रेंचांनी आपलं मद्रास घेतलं. तिकडे क्यानडात फ्रेंचांचा एक किल्ला इंग्रजांच्या हातात आला. सतराशे अठ्ठेचाळीस साली दोघं दमले. बसले टेबलावर. काय ठरलं? तुमचा किल्ला घ्या, आमचं मद्रास द्या. खलास! मद्रासचा माणूस सकाळी उठून दात घासतोय आणि तिकडे टेबलावर त्याचा मालक बदलला. त्याला कोणी विचारलं?"

एवढ्यावर न थांबता त्यांनी हे शेजारच्या पेढीवरच्या मद्रासी कारकुनालाही ऐकवलं. "तुमच्या गावाची किंमत एक किल्ला. तो पण थंडीतला!" त्या दिवसापासून त्या गृहस्थाने आम्हाला इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला देणं बंद केलं. चाचा खूश झाले. आता तो मोकळेपणाने भांडतोय म्हणजे त्याच्या मनात काही नाही, असं त्यांनी मला समजावलं.

सतराशे त्रेसष्टचा तह तर त्यांचा खास आवडता. त्यात फ्रेंचांचा सगळा क्यानडा गेला, पण मासे वाळवायला दोन चिमुकली बेटं त्यांनी मागून घेतली. "अक्कलवाले लोक," चाचा म्हणत. "राज्य गेलं तर गेलं, सुकी मच्छी सोडली नाय." गच्चीवरच्या त्या दोन कोपऱ्यांचा उगम मला तेव्हा कळला. त्याच तहात मनिलाचीही भानगड होती. इंग्रजांनी मनिला जिंकली, पण ती बातमी बोटीने पोचायच्या आत तिकडे सह्या होऊन गेल्या. शेवटी घेतलेलं शहर परत द्यावं लागलं. यावरून चाचांनी असा धडा घेतला की आलेल्या पत्रावर कधी विश्वास ठेवू नये. पुढचं पत्र येऊन आधीचं खोटं ठरत नाही ना, हे बघून मगच उत्तर लिहावं. गावाहून कोणी वारल्याचं पत्र आलं तरी ते दुसऱ्या पत्राची वाट बघत. मला मुलगा झाल्याचं पत्र आलं तेव्हा सगळ्यांनी पेढे मागितले. चाचा म्हणाले, "थांब. पुढची बोट येऊ दे."

त्यांच्या स्वतःच्या बाणकोटचं उदाहरण मात्र ते क्वचित देत. पेशव्यांनी विजयदुर्गाच्या बदल्यात बाणकोट इंग्रजांना देऊन टाकलं होतं. हे सांगताना त्यांचा आवाज खाली जाई आणि ते लगेच दुसरं काहीतरी बोलू लागत.

आता एक कबूल करतो. मलाही त्यांचा संशय येत असे. त्यांच्या खिशात एक लाल वही होती. कोण कोणाशी बोललं, कोणी कोणाला सलाम केला नाही, हे सगळं ते त्यात टिपून ठेवत आणि मी जवळ गेलो की वही मिटत. ते इंग्रजांच्या कचेरीत खबर देतात, असं बाजारात कोणी म्हणे. ते धाकट्या शेठचे हेर आहेत, असं दुसरं कोणी म्हणे. मला दुसरं जास्त पटायचं.

धाकटे शेठ म्हणजे इब्राहिमशेठचे सख्खे भाऊ युसुफशेठ. वडिलांच्या गलबतावरून दोघांचं बिनसलं आणि नऊ वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. दुकानं मात्र समोरासमोर. इब्राहिमशेठ गल्लीत बघून मोठ्याने म्हणत, "परकार, सांगा त्यांना, तुमची पोती आमच्या दारात आलीत." युसुफशेठना ते शब्दन्‌शब्द ऐकू गेलेलं असे. तरी चाचा टोपी सारखी करून दहा पावलं चालत जात, तोच निरोप पुन्हा देत आणि उत्तर घेऊन परत येत. नऊ वर्षं हे काम त्यांनी मन लावून केलं. मी त्यांना इतकं सुखी दुसऱ्या कुठल्याच कामात बघितलं नाही.

आणि मग एका शुक्रवारी, नमाजानंतर, दोघे भाऊ मशिदीच्या पायऱ्यांवर गळ्यात गळा घालून रडले. गावाहून आईचा निरोप आला होता, की तुम्ही बोलत नसाल तर मी मेल्यावरही येऊ नका. बाजारभर आनंद झाला. चाचा माडीवर येऊन पुस्तक उघडून बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"चाचा, चांगलं झालं की हो!"

"आता बघ," ते म्हणाले. "आता कोणाला तरी देऊन टाकतील."

वाटणीचा कागद करायचं ठरलं. मसुदा अर्थातच परकारांनी करायचा आणि इंग्रजीत टाइप मी करायचा. गलबत कोणाकडे, गुदाम कोणाकडे, अशी चार कलमं सरळ होती. पाचवं वाचलं आणि माझी बोटं टाइपरायटरवर थबकली. फुजैराची वखार धाकट्या शेठकडे जाणार होती, आणि तिथे लिहायला-वाचायला मोठ्या, म्हणजे आमच्या, पेढीतून एक माणूस कायमचा द्यायचा होता. 'मोठ्या पेढीतून लिहिणारा माणूस एक.' त्याच्या आधीच्या ओळीत गलबताचे नांगर दोन होते आणि नंतरच्या ओळीत लोखंडी तराजू एक. नावाची जागा कोरी होती.

मोठ्या पेढीत लिहिणारी माणसं दोनच. त्यातले एक नऊ वर्षं दोन्ही शेठांचे निरोप्ये. दुसरा मी.

फुजैरा तेव्हा डोंगरापलीकडचं गाव होतं. रस्ता असा नव्हताच. कोरड्या ओढ्यातून जीप दिवसभर धक्के खात जाई. एक किल्ला, खजुराची झाडं, मच्छिमारांच्या झोपड्या. मराठीत दोन शब्द बोलायला माणूस नाही. आणि इकडे माझी बायको नलू मुलाला घेऊन मुंबईहून बोटीत बसली होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती, त्यातले जेमतेम चाळीस दिवस आम्ही एकत्र होतो. मुलाला मी बघितलंही नव्हतं. बाजारामागे एक खोली मिळाली होती, तिला मी स्वतः चुना लावला होता. फुजैराच्या वखारीत कुटुंब नेता येणार नाही, हे युसुफशेठनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. म्हणजे नलूने बोटीतून उतरायचं आणि पुढच्या बोटीने परत जायचं.

"चाचा, इथे कोणाचं नाव घालणार?" मी विचारलं.

"टाइप कर. कोरं ठेव."

दुसऱ्या दिवशी मी दोऱ्यांच्या गुंडाळ्यांमागे फाइल शोधत होतो, तेव्हा आत चाचांचा आवाज ऐकू आला. ते इब्राहिमशेठना सांगत होते, "तो पेंडसे? शेठ, तो काय कामाचा? ओळीत तीन चुका करतो. उन्हात चक्कर येते त्याला. मच्छीचा वास आला की जेवत नाय. चार दिवसांत रडत परत येईल आणि नाव आपलं जाईल."

जो काहीच कामाचा नाही, त्याला शेठ पेढीवर तरी कशाला ठेवतील? म्हणजे नुसतं फुजैरा नव्हे, नोकरीच खलास करायचा डाव होता. लाल वहीत काय लिहिलेलं असे, ते मला आता समजलं. त्याच दुपारी मी माझं लोणचं खालच्या कप्प्यात ठेवलं, त्यांचे बोंबील उचलून दारात ठेवले आणि त्यांच्याशी बोलणं बंद केलं. त्यांनी बोंबलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पिशवी गच्चीवर नेली. तीन दिवस मी त्यांना उत्तर दिलं नाही. एकदा तर ते सहज बोलावं तसं म्हणाले, "रागावलायस ते बरं हाय. राग ठेव." मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

गुरुवारी दोघे शेठ सह्यांना बसले. चाचांनी मसुद्यात एक नवं कलम घातलं होतं, सहावं. ते मला तिथेच टाइप करायला लावलं. 'ज्या माणसाला पाठवायचे, त्याला आधी विचारावे.'

"असं कोण लिहितं, परकार?" इब्राहिमशेठ हसले.

"कोणी लिहिलं नाय. अख्खं पुस्तक वाचलंय मी."

"राहू दे, राहू दे, काय फरक पडतो," युसुफशेठ म्हणाले. "यल्ला, चला, बिर्याणी थंड होतेय." दोघांनी सह्या केल्या. मग चाचांनी चष्मा पुसला, पेन घेतलं आणि पाचव्या कलमातल्या कोऱ्या जागी सावकाश नाव लिहिलं: हुसेन परकार, राहणार बाणकोट.

युसुफशेठनी कागद ओढून घेतला. "हे काय? मला तो टायपिस्ट कबूल केला होता! हा म्हातारा घेऊन मी काय करू?"

"कलम बघा शेठ," चाचा शांतपणे म्हणाले. "लिहिणारा माणूस एक. वय लिहिलेलं नाय. टायपिंग लिहिलेलं नाय. मी लिहितो. खाली सही तुमची हाय."

युसुफशेठनी कलम पुन्हा एकदा वाचलं आणि कागद खाली ठेवला. इब्राहिमशेठ आधी रागावले, मग हसत सुटले, कारण दोघांपैकी तेच स्वस्तात सुटले होते. दोघे भाऊ हात धरून बिर्याणीला गेले. मी टाइपरायटरपाशी बसून राहिलो. माझ्या तीन चुका, माझी चक्कर, माझं रडणं, हे सगळं कशासाठी सांगितलं होतं ते मला तेव्हा कळलं आणि मला माझी शरम वाटली.

रविवारी सकाळी जीप आली. चाचांची एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, एक बोंबलांची पिशवी. मी सामान मागे चढवलं.  मग म्हटलं, "चाचा, माझ्यासाठी कशाला केलंत?"

"तुझ्यासाठी?" त्यांनी चष्म्यावरून संशयाने बघितलं. "तुला कोणी सांगितलं तुझ्यासाठी केलं म्हणून?"

ड्रायव्हर टायरला लाथा मारून बघत होता. चाचा जीपच्या सावलीत उभे राहिले. मग रस्त्याकडे बघत बोलायला लागले, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल सांगत होते.

"माझे बाबा आणि चुलते. दहा वर्षं बोलत नव्हते. एक आंब्याची बाग होती, तिच्यावरून. मग जमातीने बसवलं, समेट केला. चुलत्याला मूल नव्हतं. बाग आमच्याकडे आली आणि मी तिकडे गेलो. सहा वर्षांचा होतो. घरी शिरा केला होता, मी दोनदा मागून खाल्ला. मला वाटलं, ईद हाय. संध्याकाळी आईने माझे कपडे बांधून दिले."

"लांब होतं का चुलत्यांचं घर?"

"नाय रे. मध्ये एक दगडांचा गडगा. आई अंगणात दिसायची रोज. ती हाक मारायची नाय, ठरलेलं होतं तसं. मी पण मारायचो नाय." त्यांनी हात लांबवून वळकटीची दोरी तपासली. "चुलती चांगली होती. उगाच खोटं का बोलू. पण आंबे आले की बाबा एक टोपली चुलत्याकडे पाठवायचे, आणि ते आंबे माझ्याच्याने खाववत नसत."

मला नलूची आठवण झाली, बोटीवरच्या मुलाची झाली, आणि या माणसाची बोंबलांची पिशवी मी उचलून दारात ठेवली होती त्याची झाली.  चाचा पाय उचलून जीपमध्ये चढायला लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की सहावं कलम लिहिलं, त्यावर सह्या झाल्या, पण ते कोणी पाळलंच नव्हतं. दोघे शेठ बिर्याणीला गेले. मी टाइपरायटरपाशी बसलो. नाव कोणाचं आहे ते बघितल्यावर कोणीच पुढे काही विचारलं नव्हतं.

मी त्यांचा दंड धरला. "चाचा, तुम्हाला जायचंय का फुजैराला?"

ते थांबले. एक पाय जीपमध्ये, एक खाली. मला वाटलं, आता विचारतील, कोणी सांगितलं तुला विचारायला. पण ते तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी टोपी काढली, विरळ केसांवरून हात फिरवला, पुन्हा घातली. प्रश्न नीट ऐकला होता आणि त्याचं खरं उत्तर शोधत होते, हे दिसत होतं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तरी त्यांनी घाई केली नाही.

"नाय," ते म्हणाले, आणि आत चढून बसले.

जीप बाजाराच्या टोकाशी वळेपर्यंत मी तिथेच उभा होतो. तेव्हा हाक मारून थांबवता आली असती. मी मारली नाही. नलूची बोट चार दिवसांत येणार होती.